लसीतली साखर आणि पेटंट किती पाण्यात



आपल्या अंकाच्या या पानांवर आजवर रक्तदाब, मधुमेह, एनआरई खाती, मुदत ठेवी, घरकर्ज असे विषय येऊन गेले. ‘लसीचे पेटंट’ हा विषय मी सुचवला तेव्हा संपादक फोनवर क्षणभर गप्पच झाले. मग म्हणाले, “लिहा, पण घरातल्या सगळ्यांना कळेल असे लिहा.” तसा प्रयत्न करतो. न कळल्यास दोष माझा समजावा.

प्रसंग असा घडला. एका शुक्रवारी रहीमा गावात आम्ही सात-आठ कुटुंबे जेवायला जमलो होतो. रास तनुराच्या रिफायनरीच्या निमित्ताने इकडे आलेली मराठी मंडळी मोजकीच, त्यामुळे कोणाच्या घरी काय चालले आहे हे सर्वांना ठाऊक असते. चिपळूणकडचे आमचे मित्र, ज्यांना आम्ही सगळे ‘भाई’ म्हणतो, त्यांचे आईवडील हजला येणार होते. भाईंच्या फोनवर वडिलांच्या मेंदूज्वराच्या लसीच्या दाखल्याचा फोटो होता, आणि तो मोठा करून करून ते एकच शब्द शोधत होते: ‘कॉन्ज्युगेट’. कारण सौदी आरोग्य खात्याच्या नियमाप्रमाणे यात्रेकरूची चार प्रकारांची मेंदूज्वराची लस साध्या पॉलिसॅकराइड जातीची असेल तर तीन वर्षे चालते, कॉन्ज्युगेट असेल तर पाच वर्षे. आणि जात लिहिलेलीच नसेल तर तीनच वर्षे धरतात. वडिलांनी ती उमऱ्याच्या वेळी घेतली होती, त्याला चार वर्षे झालेली.

आमच्या घरात त्याच सुमारास दुसरा घोळ चालू होता. मुलीला न्यूमोकॉकसच्या लसीचे पहिले दोन डोस इथे दिले होते, ते १३ प्रकारांच्या लसीचे. तिसरा डोस नेमका पुण्याच्या सुट्टीत येत होता. पुण्यात तयार होणारी लस १० प्रकारांची. तिसरा डोस कोणता द्यायचा? जेवताना विषय निघाला तशी एक वहिनी म्हणाल्या, “स्वस्तातली आहे ना, मग तीन कमी मिळणारच!” सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही.

त्याला कारण आहे. माझी धाकटी बहीण सांगलीजवळ राहते. तिचा मोठा मुलगा २०१६ मध्ये आठ महिन्यांचा असताना न्यूमोनियाने नऊ दिवस दवाखान्यात होता. नाकाला नळी लावलेले ते पोर मी फोनवरच पाहिले, कारण मला एक्झिट-रिएंट्री व्हिसा मिळायला चार दिवस लागले. न्यूमोकॉकसची लस तेव्हा महाराष्ट्राच्या सरकारी लसीकरणात नव्हती. खाजगीत होती, पण एकेका डोसला हजारो रुपये, आणि डोस तीन-चार. मेव्हणे म्हणाले होते, पुढच्या महिन्यात बघू. तो न्यूमोनिया न्यूमोकॉकसचाच होता का, हे शेवटपर्यंत तपासले गेले नाही, तेव्हा लस घेतली असती तर तो टळला असता असे मी म्हणणार नाही. पोरगा आता धडधाकट आहे. पण ती लस इतकी महाग का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. त्याचे एक उत्तर पेटंटमध्ये आहे.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पेटंटशी माझा संबंध आला तो असा की, पहिल्या नोकरीत मी माहिती साठवण्याची एक युक्ती काढली आणि कंपनीने माझ्या नावाने अर्ज केला. घरी पेढे वाटून झाले. दीड वर्षाने परीक्षकाचे पत्र आले. सोबत एका जुन्या परिषदेतला निबंध जोडलेला होता. माझी युक्ती त्यात जशीच्या तशी होती, आणि निबंध माझ्या बारशाच्याही आधीचा! त्या दिवशी ‘प्रायर आर्ट’ म्हणजे काय हे मला पक्के कळले. अर्जाच्या तारखेआधी जे ज्ञान जगासमोर उघड झालेले आहे, ते सारे प्रायर आर्ट. आपण त्याला पूर्वज्ञान म्हणू. ते तुम्हाला माहीत होते की नव्हते, याला काडीची किंमत नाही.

हळदीचे प्रकरण आपल्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ चा एक वैद्यकीय निबंध पुढे ठेवला आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आजीच्या बटव्यात काय होते हे सर्वांना ठाऊक होते. पण परीक्षकापुढे ठेवायला छापील कागद आणि त्यावरची तारीख लागली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळा खेळ तारखांचाच आहे.

आता लसीकडे वळू. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारे काही जीवाणू स्वतःभोवती साखरेचे कवच पांघरतात. ही चहातली साखर नव्हे. साखरेच्या रेणूंची लांबच लांब साखळी, तिलाच पॉलिसॅकराइड म्हणतात. न्यूमोकॉकस या जीवाणूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखले जातात ते या कवचावरून. नुसती ही साखर शुद्ध करून टोचली तर मोठ्या माणसाचे शरीर तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. अमेरिकेत १९७७ मध्ये १४ प्रकारांची आणि १९८३ मध्ये २३ प्रकारांची अशी लस आली ती याच तत्त्वावर. पण दोन वर्षांखालचे बाळ नुसत्या साखरेला फारशी दाद देत नाही. प्रतिकारशक्तीची आठवण ठेवण्याचे काम ज्या टी-पेशींच्या मदतीने होते, त्या पेशी प्रथिनांचे तुकडे ओळखतात. नुसती साखर त्यांच्या खिजगणतीतच नसते. आणि न्यूमोकॉकसचा सर्वात जास्त धोका नेमका त्याच वयाला.

शाळेत जोडाक्षरे शिकवताना गुरुजी सांगत, पाय मोडलेला ‘क्’ एकटा उभा राहत नाही, त्याला पुढच्या अक्षराचा आधार लागतो. कॉन्ज्युगेट लस म्हणजे तसेच जोडाक्षर. साखरेची साखळी एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची. धनुर्वाताचे निर्विष केलेले विष, घटसर्पाचे निर्विष केलेले विष, किंवा सीआरएम १९७ नावाचे घटसर्पाच्या विषाचेच जन्मजात निरुपद्रवी भावंड, ही त्यासाठी नेहमीची प्रथिने. शरीर प्रथिनाला ओळखते आणि त्याच्या ओळखीने साखरही लक्षात ठेवते. मग दोन महिन्यांच्या बाळातही लस लागू पडते. भाईंच्या वडिलांच्या दाखल्यावर तीनाऐवजी पाच वर्षे मिळतात तीही या आठवणीपोटी.

ही युक्ती कोणाची? १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत गोबेल आणि अ‍ॅव्हरी या दोघांनी साखर प्रथिनाला जोडून दाखवली. १९३१ मध्ये त्यांनी न्यूमोकॉकसच्या तिसऱ्या प्रकाराची साखर घोड्याच्या रक्तातल्या प्रथिनाला जोडून सशांना टोचली, आणि सशांनी तिच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार केली. हे अ‍ॅव्हरी म्हणजे पुढे १९४४ मध्ये डीएनए हाच आनुवंशिकतेचा वाहक, हे दाखवणारे. म्हणजे मूळ कल्पना शंभरीला टेकली. मग पन्नास वर्षे ती कपाटात पडून राहिली, कारण पेनिसिलिन आले आणि लसीची निकड कोणाला वाटेना. १९८० मध्ये अमेरिकेत रेचेल श्नेअरसन, जॉन रॉबिन्स आणि सहकाऱ्यांनी हिब नावाच्या जीवाणूसाठी हीच जोडणी करून निबंध छापला. १९८७ मध्ये पहिली हिब कॉन्ज्युगेट लस अमेरिकेत मंजूर झाली, १९९० पासून ती तान्ह्या बाळांना मिळू लागली. २००० मध्ये न्यूमोकॉकसची ७ प्रकारांची लस आली. तिच्यात सातही साखरा सीआरएम १९७ ला जोडलेल्या होत्या.

आणि याच्याही पुढची पायरी. त्याच सात प्रकारांत १ आणि ५ हे दोन प्रकार मिळवून ९ प्रकारांची लस तयार झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ मध्ये आणि गांबियातले मार्च २००५ मध्ये छापून आले. गांबियात १७ हजारांहून जास्त मुले चाचणीत होती. लसीतल्या प्रकारांमुळे होणारे गंभीर आजार ७७ टक्क्यांनी घटले आणि एकूण बालमृत्यू १६ टक्क्यांनी.

आता तारीख पाहा. १३ प्रकारांच्या लसीवर वायेथ कंपनीने केलेल्या अर्जाचा अग्रक्रमाचा दिनांक आहे ८ एप्रिल २००५. गांबियाचा निबंध छापून जेमतेम पंधरवडा झाला होता. वायेथ पुढे २००९ मध्ये फायझरने घेतली.

येथे पेटंटची परीक्षा कशी होते ते थोडक्यात सांगतो. तीन प्रश्न असतात. वस्तू नवी आहे का? त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ती पूर्वज्ञानावरून सहज सुचली असती का? आणि ती कारखान्यात होण्याजोगी आहे का? लसीच्या बाबतीत तिसऱ्याचे उत्तर बहुधा होकारार्थीच असते. पहिलाही बऱ्याचदा सुटतो, कारण नेमकी तीच तेरा प्रकारांची यादी आधी कोणी केली नव्हती. सगळी लढाई दुसऱ्या प्रश्नावर होते. भारतीय कायद्यात आणखी एक चाळणी आहे: कलम ३ मधील ‘ई’ उपकलम. नुसते मिश्रण, ज्यात घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होते, ते शोध मानले जात नाही.

त्रयोदशगुणी विडा आठवा. सौदीत विडा मिळणे दुरापास्त, तेव्हा उदाहरणापुरता तरी खाऊ. समजा पान, चुना, कात, सुपारी, लवंग, वेलदोडा, खोबरे असा सात जिनसांचा विडा बाजारात आहे. कोणीतरी त्यात जायफळ आणि जायपत्री घालून नऊ जिनसांचा करून पाहिला आणि ते छापूनही आले. आता एक जण उठतो, कंकोळ, केशर, बदाम, कापूर घालतो आणि म्हणतो, तेरा जिनसांचा विडा हा माझा शोध. वीस वर्षे दुसऱ्या कोणी करायचा नाही. तुम्ही काय म्हणाल?

माझा पहिला उद्गार तुमच्यासारखाच होता. पण प्रतिपक्षाचे म्हणणे वाचले तेव्हा थोडा थबकलो. लसीत नवी जिन्नस घातली की जुन्या जिनसांची चव बिघडू शकते. एकाच प्रथिनाला खूप साखरा जोडल्या तर त्या प्रथिनाचा भार वाढतो, शरीर प्रथिनालाच उत्तर देत बसते आणि साखरांविरुद्धचा प्रतिसाद उतरतो, अशी भीती २००५ च्या आधीच्या लिखाणात स्पष्ट नोंदलेली आहे. म्हणूनच दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने आपल्या १० प्रकारांच्या लसीत एक सोडून तीन वेगवेगळी प्रथिने वापरली. शिवाय प्रत्येक साखरेचा स्वभाव निराळा: तेरा जीवाणू वेगवेगळे वाढवायचे, तेरा साखरा वेगवेगळ्या शुद्ध करायच्या, तेरा जोडण्या करायच्या आणि मग त्या एकत्र नांदवायच्या. तेरा जावा एका चुलीवर! तेव्हा “नुसती भर घातली” हे म्हणणे निम्मेच खरे.

‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने २०१६ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयात या अर्जावर हरकत घेतली. ऑगस्ट २०१७ मध्ये पेटंट मंजूर झाले. दक्षिण कोरियात एसके समूहाने १३ प्रकारांची स्वतःची लस तयार केली, २०१६ मध्ये तिला मंजुरीही मिळवली. पण पेटंटविरुद्धची लढाई ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हरली आणि लस तयार असून देशातल्या बाजारात विकता आली नाही. भारतातला अर्ज २००६ च्या मार्चमधल्या आंतरराष्ट्रीय अर्जावर आधारलेला, त्यामुळे त्याची वीस वर्षे २०२६ मध्ये भरतात.

माझे मत विचाराल तर: शोध शून्य नाही, पण वीस वर्षांच्या मक्तेदारीला पुरेल एवढे पाणी त्यात मला दिसत नाही. तेरा प्रकार कोणते हवेत हे जगभरच्या रोग्यांच्या आकडेवारीवरून सगळ्यांना दिसत होते. प्रथिन माहीत होते. जोडणीची रसायने माहीत होती. नऊपर्यंतचा रस्ता छापून आला होता. पुढे जाताना खड्डे लागतील ही भीती होती, हे मान्य. पण खड्ड्यांची भीती असलेल्या रस्त्याने जाऊन खड्डे न लागणे, याला शोध म्हणायचे की मेहनत? कायद्याचा माणूस वेगळे म्हणेल, आणि पेटंट कार्यालयाने वेगळे म्हटलेच.

याच वादाची नवी आवृत्ती अमेरिकेत झाली ती मला जास्त पटली, कारण ती आमच्या धंद्याजवळची आहे. फायझरच्या आणखी एका पेटंटमध्ये ‘२२एफ’ या प्रकाराच्या जोडणीचे रेणुभार एका ठराविक मर्यादेत असावे, असा दावा होता. आधीच्या कागदपत्रांत इतर प्रकारांच्या जोडण्यांचे रेणुभार दिलेले होते, २२एफचे नव्हते. म्हणून आमचे नवे, असा युक्तिवाद. मार्च २०२४ मध्ये तिथल्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने तो मुख्य दाव्यांपुरता फेटाळला. रेणुभार कमीजास्त केला की लसीच्या टिकाऊपणावर आणि परिणामावर फरक पडतो हे आधीच ठाऊक असेल, तर योग्य आकडा शोधून काढणे हा जाणत्या माणसाचा रोजचा सराव झाला, शोध नव्हे. आम्ही प्रोग्रॅमचा वेग वाढवायला एखादा आकडा ६४ चा १२८ करून पाहतो, जमले तर तो ठेवतो. त्याचे पेटंट मागायला गेलो तर साहेब हसतील. (काही वेळा मिळतेही, ती गोष्ट निराळी.)

आता पुण्याकडे. सीरम इन्स्टिट्यूट ही हडपसरची, १९६६ पासूनची संस्था. भारतात १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या वस्तूवर पेटंट मिळत नसे, फक्त कृतीवर मिळे. १ जानेवारी २००५ पासून वस्तूवरही मिळू लागले. मधल्या काळात आपल्या कारखान्यांनी दुसऱ्या कृतीने तीच वस्तू करण्याचा हात बसवून घेतला.

२००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने गेट्स प्रतिष्ठानच्या सात कोटी डॉलरच्या मदतीने आफ्रिकेसाठी ‘अ’ गटाच्या मेंदूज्वराची कॉन्ज्युगेट लस करायचे ठरवले. आफ्रिकेतल्या अधिकाऱ्यांनी सांगितले, डोस अर्ध्या डॉलरच्या आत हवा, नाहीतर आम्हाला ती असून नसल्यासारखी. मोठ्या कंपन्यांशी त्या भावात जमेना. शेवटी काम सीरमकडे आले. धनुर्वाताचे निर्विष प्रथिन पुण्यातच होत होते. साखर जोडण्याची सुधारित कृती अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतल्या कार्ल फ्रॅश आणि चे-हुंग ली यांची होती. ती सरकारी मालकीची, रीतसर परवान्याने पुण्याला दिली गेली. म्हणजे पेटंट हे दर वेळी भिंतच असते असे नाही. मालकाला उघडायचे असेल तर ते दारही असते. ६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासोमध्ये ती लस सुरू झाली, पुढे तीस कोटींहून जास्त लोकांना टोचली गेली, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ‘अ’ गटाचा एकही रुग्ण नोंदला गेलेला नाही. २०२३ मध्ये सीरमच्याच पाच गटांच्या लसीलाही जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली.

हे इथे राहणाऱ्या आपल्याला दूरचे वाटू नये. हजच्या गर्दीत १९८७ मध्ये ‘अ’ गटाचा आणि २००० मध्ये ‘डब्ल्यू’ गटाचा मेंदूज्वर पसरला आणि यात्रेकरूंबरोबर देशोदेशी गेला. भाईंच्या वडिलांच्या दाखल्यामागे तो इतिहास आहे.

मग वहिनींच्या ‘तीन कमी’ची गोष्ट. सीरमच्या न्यूमोकॉकस लसीत १, ५, ६ए, ६बी, ७एफ, ९व्ही, १४, १९ए, १९एफ आणि २३एफ असे दहा प्रकार आहेत. १३ च्या लसीशी ताडून पाहिले तर त्यात ३, ४ आणि १८सी नाहीत. हे दहा निवडले ते आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेत मुलांना कोणते प्रकार जास्त गाठतात ते पाहून. युरोपात २००९ पासून असलेल्या दुसऱ्या १० प्रकारांच्या लसीत ४ आणि १८सी आहेत, पण ६ए आणि १९ए नाहीत. म्हणजे दहा आणि दहाही सारखे नव्हेत. यादी वाचावी लागते.

आणि पेटंटचा एक नियम इथे कामाला येतो. दाव्यात लिहिलेला प्रत्येक घटक तुमच्या वस्तूत असेल तरच तुम्ही त्या दाव्याच्या कक्षेत येता. दावा जर तेराही जिनसांच्या विड्याचा असेल, तर दहा जिनसांचा विडा लावणाऱ्याला त्या दाव्याने अडवता येत नाही. दहाची यादी पेटंट चुकवण्यासाठी केली असे मी म्हणत नाही. रोगाची आकडेवारी पुरेसे कारण आहे. पण पुण्यातल्या कोणाला तेराची करायची असती तर मध्ये काय उभे होते, हे आता तुम्हाला कळले असेल. या लसीला डिसेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची आणि जुलै २०२० मध्ये भारतीय नियंत्रकांची मान्यता मिळाली. गरीब देशांसाठी ‘गावी’ संस्थेला तिचा भाव दोन डॉलर सांगितला गेला, तेव्हा बाकीच्यांचे भाव तीन डॉलरच्या आसपास होते. गावीबाहेरच्या देशांना आणि खाजगी दवाखान्यांना मोजावे लागणारे पैसे याच्या कितीतरी पट. स्वस्तातली खरी, पण स्वस्त म्हणून खालची नव्हे.

भारताच्या सरकारी लसीकरणात न्यूमोकॉकसची लस २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ पासून देशभर आली. सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने असे तीन डोस, सरकारी केंद्रात फुकट. गावाकडे कोणाच्या घरी बाळ असेल तर खाजगीत हजारो रुपये मोजण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रात जरूर विचारायला सांगा. पुष्कळांना हे अजून ठाऊकच नाही, आणि आपण इकडून पैसे पाठवून देतो.

आणखी एक. भारतात पेटंट मंजूर होण्याआधी कोणीही माणूस हरकत घेऊ शकतो. त्यासाठी कंपनी असावी लागत नाही, वकीलही नाही. २०२४ च्या नियमांनी त्याला फी लावली आणि हरकत दखलपात्र आहे का हे आधी पाहण्याची तरतूद केली, तरी दार बंद झालेले नाही. अर्ज पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वाचताना वर्णनाच्या जंगलात शिरू नका. शेवटची दाव्यांची पाने आधी उघडा, पहिला दावा वाचा, मग अग्रक्रमाची तारीख पाहा आणि त्या तारखेआधी काय छापून आले होते ते शोधा. आपल्या मंडळात रसायनशास्त्र शिकलेल्या, घरी असलेल्या कितीतरी वहिनी आहेत. कोणाला हौस असेल तर मी बरोबर बसायला तयार आहे.

आमच्या मुलीचे काय केले? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, शक्यतो त्याच लसीने डोस पुरे करावेत. ती मिळत नसेल तर जी मिळेल ती द्यावी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू नये. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितले. पुण्यात १३ ची लस मिळत होती, म्हणून तीच घेतली आणि बिल मुकाट्याने भरले. कार्डावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि तारीख इंग्रजीत लिहून घेतली, कारण परत आल्यावर इथल्या दवाखान्यात ते दाखवावे लागते. एक वर्षाचा डोस इथे झाला.

बहिणीचा धाकटा २०२२ चा. त्याला तिन्ही डोस गावच्या आरोग्य केंद्रात मिळाले. मेव्हण्यांनी कार्डाचा फोटो पाठवला होता, खाली फक्त लिहिले होते, “या वेळी पुढच्या महिन्यावर ढकलले नाही.”

भाईंच्या वडिलांच्या दाखल्यावर तो शब्द सापडला. खालच्या ओळीत, शिक्क्याच्या शाईखाली अर्धा झाकलेला. भाईंनी जिथून लस घेतली तिथे फोन करून नवा, स्वच्छ अक्षरातला दाखला मागवून घेतला.